फेंटानिल या अतितीव्र, नशेसाठीही विकल्या जाणाऱ्या वेदनाशामकाची विषबाधा रोखायला अमेरिकी सरकार देतं तो पैसा जातो कुठे? त्याने मृत्यू कमी होतात का?

मी कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या व्यसनमुक्ती केंद्रात ग्रँटचे कागद सांभाळते. माझ्या टेबलावरून दिसतं तेवढं सांगते.

आमच्याकडचा मोठा पैसा ‘स्टेट ओपिऑइड रिस्पॉन्स’ योजनेचा (ओपिऑइड म्हणजे अफूच्या जातीची औषधं, फेंटानिल त्यातलंच). २०१८ पासून चालू, वर्षाला साधारण दीड अब्ज डॉलर. तो आधी राज्याला, मग काउंटीला (म्हणजे जिल्ह्याला) किंवा आमच्यासारख्या संस्थांना.

त्यातून नाकात मारायचा नॅलोक्सोन स्प्रे येतो, फेंटानिलसारख्या ओपिऑइडचा असर उतरवणारा. तो राज्याकडे अर्ज केला की फुकट मिळतो. शाळा, वाचनालयं, अग्निशमन दल, सगळे मागवतात. २०२३ पासून दुकानात चिठ्ठीशिवायही मिळतो, पण सुरुवातीला दोन डोसांना ४५ डॉलरच्या आसपास पडायचे. रस्त्यावर झोपणारा तो कुठून घेणार?

‘विषबाधा’ हा शब्द तुम्ही बरोबर वापरलात. परीक्षेच्या ताणात पोरानं झॅनॅक्स (चिंता कमी करणारं औषध) समजून गोळी घेतली आणि निघालं फेंटानिल. दोन मिलिग्रॅमसुद्धा जिवावर बेततं. त्या आईबापांना ‘ओव्हरडोस’ म्हटलेलं झोंबतं.

स्प्रेची खोकी मोजणं सोपं. खरी दमछाक माणसं मोजताना होते. ग्रँटच्या अहवालासाठी उपचाराला आलेल्याची आधी लांबलचक मुलाखत. मग ६ महिन्यांनी त्यालाच गाठून पुन्हा तेच प्रश्न: राहतोस कुठे, काम आहे का, गेल्या ३० दिवसांत काय घेतलंस? तोवर त्याचा फोन बंद, पत्ता तर आधीही नव्हता. मी शेल्टरला फोन लावते, बहिणीचा नंबर असेल तर तिला. आला तर ३० डॉलरपर्यंतचं गिफ्ट कार्ड देता येतं. एकानं कार्ड खिशात टाकत विचारलं, “उद्या परत येऊ का?” आणि सापडला नाही, तर तो बरा होऊन कामाला लागला की गेला, हे फॉर्मला कळत नाही. बऱ्याचदा आम्हालाही नाही.

मृत्यू कमी झालेत. सगळ्या अंमली पदार्थांचे मिळून २०२३ मध्ये देशात सुमारे १ लाख ५ हजार होते, २०२४ मध्ये ८० हजारांच्या आसपास. सगळं श्रेय ग्रँटला देणार नाही, रस्त्यावरचा मालही बदलतोय. पण स्प्रेनं शुद्धीवर आलेली माणसं मी पाहिलीत.

माझी तक्रार रकमेबद्दल नाही, मुदतीबद्दल आहे. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे ओपिऑइडची ओढ आवरणारी औषधं, बऱ्याचदा वर्षानुवर्षं घ्यावी लागतात, आणि ती देणाऱ्यांचा पगार दोन-तीन वर्षांच्या ग्रँटवर. मुदत संपत आली की आमच्या समुपदेशक बाई जेवणाच्या सुट्टीत नोकऱ्यांच्या जाहिराती बघायला लागतात. रुग्णांना ते लगेच कळतं.