पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं. तुरटी फिरवली की ते पिता येतं का?

नाही, नुसत्या तुरटीने नाही. तुरटीमुळे पाण्यातले मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाला बसतात. पाणी नितळ दिसतं, पण जंतू मरत नाहीत. कावीळ, गॅस्ट्रो पसरतात ते अशाच स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातून.

तुरटीचा खडा हंड्यात दोन-चार वेळा फिरवा, पाणी रात्रभर स्थिर ठेवा. सकाळी हंडा न हलवता वरचं पाणी हळूच दुसऱ्या भांड्यात काढा, चार पदरी सुती फडक्यातून गाळा आणि मग उकळा. खळखळून उकळी आल्यावर किमान 1 मिनिट तरी गॅस चालू ठेवा. कडेला बुडबुडे दिसले की बंद करू नका. तळाचा गाळ संडासात ओता.

एवढं करून पुष्कळ घरांत माठात हातासकट पेला बुडवतात, तिथे सगळी मेहनत वाया जाते. लांब दांड्याचं ओगराळं ठेवा, किंवा तोटीचा माठ घ्या. लहान मूल घरात असेल तर याबाबत अजिबात हयगय नको.

वापरायच्या पाण्याची पिंपं झाकून ठेवा आणि आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून घासाच. डेंग्यूच्या डासाची अंडी पिंपाच्या कडांना चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.