सीट मिळतेय हो, पण गाडी फुटली तर पैसे कोण देणार?

ताई, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि नंतर बराच वेळ झोप लागली नाही. मुलगा १७ वर्षांचा, ६ वर्षं कार्टिंग (छोट्या उघड्या गाड्यांची रेस) केलेला, आता एका टीमने दोन रेस वीकेंडसाठी सीट, म्हणजे पैसे भरून टीमची गाडी चालवायची संधी, देऊ केलीय. १५ हजार डॉलर आगाऊ, शुक्रवारपर्यंत कळवा, नाहीतर दुसरा मुलगा तयारच आहे. "घ्यावी का?" असं तुम्ही विचारलंय. पाच वर्षांपूर्वी आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर अगदी हाच प्रश्न होता. आमच्याकडे मुलगी होती, १९ वर्षांची, आणि शुक्रवारच्या जागी बुधवार होता, एवढाच फरक.

आधीच सांगतो, मी वकील नाही, विम्यातला नाही, रेसिंगच्या धंद्यातला तर नाहीच. न्यू जर्सीत नोकरी करणारा बाप आहे. मिलव्हिलच्या ट्रॅकवर लेकीची गाडी ट्रेलरवरून उतरवता उतरवता जे कळलं ते लिहितोय. लायसन्स, स्कूल, मेडिकल हे सगळं तुम्हाला माहीत असणारच, त्यात जात नाही.

तुमच्या पोस्टमध्ये मुलाचा वेग आहे, टीमचं नाव किती मोठं ते आहे, प्रायोजक कसा शोधायचा ते आहे. गाडीचं नुकसान झालं तर काय, याबद्दल एक शब्द नाही. आमच्याही डोक्यात तेव्हा तो नव्हता, आणि तिथेच आम्ही बुडालो.

आमचा करार दोन पानांचा होता. त्यात एक ओळ होती: गाडीचं जे काही नुकसान होईल त्याची जबाबदारी ड्रायव्हरची, कारण काहीही असो. मी फोनवर विचारलं. मालक फार गोड बोलायचा. म्हणाला, "ही ओळ सगळ्यांच्याच करारात असते, फार तर एखादा बंपर जातो, दोन-तीन हजारांत भागतं." मी सही केली. ते 'दोन-तीन हजार' त्याच्याकडून लिहून घ्यायला दोन मिनिटं लागली असती.

व्हर्जिनिया इंटरनॅशनल रेसवेवर शनिवारची रेस होती. तो ट्रॅक चढत चढत एसेसमधून (एकामागोमाग डावी-उजवी वळणं) वर जातो आणि वर साऊथ बेंड नावाचं जोरात घ्यायचं डावं वळण आहे. तिथे आत शिरताना मागच्या गाडीने हिच्या मागच्या चाकाला धक्का दिला. हिची गाडी फिरली आणि टायरच्या भिंतीवर डाव्या बाजूने आदळली. पोरगी स्वतः चालत बाहेर आली. देवाची कृपा, बाकी सगळं त्याच्यानंतर. चूक पूर्ण त्या मागच्या गाडीची होती, अधिकाऱ्यांनी त्याला दंडही केला. पण रस्त्यावर जसा मागून धडकणाऱ्याचा विमा पैसे देतो, तसं ट्रॅकवर होत नाही. तिथे ज्याची गाडी फुटली त्याने ती भरायची, आणि टीमने आपली गाडी करारानुसार आमच्या गळ्यात घातलेली होती.

दहा दिवसांनी बिल आलं: २७,८६० डॉलर. पुढचा सबफ्रेम, डावीकडचे सगळे आर्म, रेडिएटर, ७१ तास मजुरी आणि नवी विंडशील्ड. ती विंडशील्ड वाचून माझे हात थरथरले. शुक्रवारी टेस्टच्या वेळी मी स्वतः पाहिलं होतं, काचेला उजव्या कोपऱ्यात बोटभर लांबीची चीर होती आणि तिच्यावर मेकॅनिकने पारदर्शक टेप चिकटवली होती. लेक म्हणालीसुद्धा होती, "बाबा, उन्हात ही चमकते, डोळ्यावर येते." खिशात फोन होता, पण मी फोटो काढला नाही. बिलावर हरकत घेतली तेव्हा उत्तर आलं की गाडी दुरुस्त झालीय, जुने भाग भंगारात गेलेत, तुमच्याकडे काही पुरावा आहे का? काहीच नव्हतं. आधीच फुटलेल्या काचेचे पैसे मी भरले.

आणि विमा. त्या वीकेंडसाठी मी एका कंपनीकडून वेगळी पॉलिसी घेतली होती. आपली रोजची गाडीची पॉलिसी ट्रॅकवरची रेस कधीच धरत नाही, हे मला ठाऊक होतं, म्हणून मुद्दाम घेतली. फोनवरच्या बाईंनी सांगितलं, "हो, पूर्ण वीकेंड कव्हर आहे." क्लेम केला तर सहा आठवडे चार वेगवेगळ्या माणसांनी तोच फॉर्म चार वेळा भरून घेतला. एकाला अपघाताचं ठिकाण पत्त्यासकट हवं होतं, घर नंबरसह! शेवटी एका ओळीचं पत्र आलं. सराव आणि प्रशिक्षण कव्हर होतं, गाड्या एकमेकींविरुद्ध पळतात ती स्पर्धा नव्हती. पॉलिसीच्या नवव्या पानावर तसं छापलेलं होतं, हे खरं. पण मी विचारलं होतं स्पर्धेबद्दलच, आणि तोंडी उत्तर मिळालं होतं 'हो'. त्या ऑफिसचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

म्हणून शुक्रवारच्या आत एवढं करा. नुकसानीची वरची मर्यादा आकड्यात लिहून घ्या. एका घटनेला इतके डॉलर, त्यावरचं टीमचं. कोणतं नुकसान धरायचं तेही स्पष्ट हवं. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक हे झिजतात, ते तुमच्या माथी येता कामा नये. दुसऱ्याच्या चुकीने झालं तर काय, याला वेगळी ओळ हवी. मजुरीचा तासाचा दर आधी ठरवा. दुरुस्तीला हात लावण्याआधी फुटलेले भाग तुम्हाला किंवा तुमच्या माणसाला बघू द्यायचे, हेही लिहा. पावसाने किंवा गाडी बिघडल्याने वीकेंड गेला तर आगाऊ रकमेचं काय, तेही त्यातच येऊ द्या. रेस वीकेंडच्या शुक्रवारी सकाळी गाडीभोवती फिरून फोनवर व्हिडिओ काढा, काच, बंपर, चाकांच्या कडा, खालचा भागसुद्धा, आणि तो तिथल्या तिथे टीमला ईमेल करा. विमा घेत असाल तर "स्पर्धा कव्हर आहे का" याचं उत्तर लेखीच घ्या. मुलगा १८ च्या खालचा आहे म्हणजे सही तुमची, आणि देणंही तुमचंच. पॅडॉकमध्ये (ट्रॅकवर टीम आणि गाड्या थांबतात ती जागा) शिरायलाही पालकांच्या सह्या लागतात. आमच्या वेळी कार्टिंगला दोघांच्याही मागितल्या होत्या आणि बायको तेव्हा साताऱ्याला होती. तो कागद आताच करून ठेवा.

टीम म्हणाली की मर्यादा देत नाही, तर माझं स्पष्ट मत आहे की उठून यावं. सगळ्यांना हे पटणार नाही, काही जण म्हणतील संधी गेली. पण पुढे आमची ज्या टीमशी गाठ पडली, त्यांनी पहिल्याच भेटीत आकडा स्वतःहून पुढे केला. सरळ माणसं हे करतात. शुक्रवारची घाई ज्याला आहे त्याला तुमच्या पैशांची घाई आहे.

दुसरं, तुम्ही लिहिलंय की मुलाला फॉर्म्युलात (एकाच सीटच्या उघड्या गाड्यांच्या रेस) जायचं नाही, डेटोना, सेब्रिंग, ल माँ या तासन्‌तास चालणाऱ्या रेस हेच स्वप्न आहे. मला हे फार आवडलं. फॉर्म्युलातून आलेले उत्तम लोकही या रांगेत आहेत. जोई हँड हा अमेरिकन ड्रायव्हर तिथूनच आला आणि २०१६ साली फोर्डच्या गाडीतून ल माँला आपल्या वर्गात जिंकला. पण या खेळाचा स्वभाव वेगळा आहे, कारण गाडी दोघा-तिघांत असते. तुम्ही चालवून ती दुसऱ्याच्या हातात द्यायची असते. म्हणून टीम एका लॅपच्या वेळेपेक्षा हे बघते की तासाभराने गाडी कशी परत आली, टायर किती उरले, वेगवान वर्गाच्या गाड्या मागून येत असताना आरसे किती वेळा बघितले.

मुलाला हर्ली हेवूड या अमेरिकन ड्रायव्हरची कारकीर्द नीट वाचायला लावा. जॅक्सनव्हिलला पार्किंगच्या जागेत शंकूंमधून गाडी हाकायच्या स्पर्धेत त्याने पीटर ग्रेगला हरवलं. ग्रेग हा ब्रूमॉस नावाच्या पोर्शे डीलरशिपचा मालक होता. त्याने या पोराला आपला जोडीदार केलं. मध्ये हेवूड सैन्यातून व्हिएतनामला जाऊन आला, मग १९७३ साली दोघांनी डेटोनाची २४ तासांची रेस जिंकली. १९७५, ७७, ७९ आणि १९९१ धरून डेटोना पाच वेळा, ल माँ तीनदा, सेब्रिंग दोनदा. पहिली आणि शेवटची डेटोना यांत १८ वर्षं गेली. १९७७ च्या ल माँला शेवटच्या तासात हेवूडच्या गाडीचा एक पिस्टन गेला. गाडी पिटमध्ये उभी ठेवली आणि अगदी शेवटी त्याचा तिथला जोडीदार युर्गेन बार्ट याने पाच सिलिंडरवर सावकाश फिरवून ती जिंकून आणली. स्कॉट प्रुएट या दुसऱ्या अमेरिकन ड्रायव्हरनेही डेटोना पाच वेळा जिंकली आहे, १९९४ पासून २०१३ पर्यंत, आणि तो तुमच्या मुलासारखा कार्टिंगमधूनच आला. इतकी वर्षं ज्यांना बोलावणी येतात ते गाडी घरी आणणारे असतात. तुमच्या नुकसानीच्या कलमाचा आणि मुलाच्या करिअरचा संबंध हा असा आहे.

पगाराचंही बोलून टाकतो. इथे बऱ्याच टीमचा खर्च श्रीमंत हौशी ड्रायव्हर उचलतो आणि त्याच्या जोडीला व्यावसायिक ठेवला जातो. ड्रायव्हरना ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशा श्रेणी असतात आणि काही वर्गांत कोणत्या श्रेणीचा कोण जोडीला बसू शकतो याचे नियम आहेत. कार्टिंगमधून आलेला तरुण साधारण सिल्व्हरमध्ये जातो. मुलाला ज्या वर्गात चालवायचं आहे त्याचा तो नियम करारापूर्वी एकदा वाचा. आमच्या लेकीचं ते बिल भरल्यावर अख्खा पुढचा सीझन गेला. पैसेच नव्हते. त्या वर्षी ती ट्रॅक डेला (हौशी लोक आपली गाडी ट्रॅकवर चालवतात तो दिवस) शेजारच्या सीटवर बसून लोकांना शिकवायला लागली. एका पन्नाशीच्या डॉक्टरांना तिचं शिकवणं आवडलं, आणि दोन वर्षांनी त्यांनीच तिला आपल्या गाडीत जोडीला घेतलं. आज तिचं घरभाडं शिकवण्यातून निघतं, रेस त्यावर होते. मुलाला शिकवण्याची सवय आत्तापासून लावा, हे मी अगदी ठामपणे सांगतो.

इतर काही. कॉलेजसाठीच्या ५२९ बचत खात्याला हात लावू नका. शिक्षणाखेरीज काढलं तर नफ्यावर कर आणि वर १० टक्के दंड. मुलगा एच-४ वर (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असेल तर कमाईचा एक डॉलर घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, बक्षिसाच्या पैशाबद्दलही. कार्टिंगचं हेल्मेट गाडीत चालेल असं समजू नका. गाडीसाठीचं एसए शिक्क्याचं हेल्मेट आगीसाठी तपासलेलं असतं, कार्टिंगचं नसतं. सीटबेल्टवरची तारीख बघा. एसएफआय या संस्थेच्या प्रमाणाचे दोन वर्षांत बाद होतात, एफआयए या संस्थेचे पाच वर्षांत. सीटमध्ये बसवून बघितल्याशिवाय गाडी नेऊ देऊ नका, आमच्या लेकीचे खांदे पहिल्या टीमच्या सीटमध्ये कधीच नीट बसले नाहीत.

तुमच्या करारातलं नुकसानीचं कलम टीमचं नाव काढून इथे टाका. आज रात्री दहानंतर मी बघतो, आणि आमच्या नव्या करारातलं कलम शब्दशः खाली चिकटवतो, म्हणजे शुक्रवारी तुमच्या हातात काहीतरी असेल.