पाच क्लबांचा सांघिक मोसम: आधी पाचव्या-सहाव्या नावाचा विचार करा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. फोंडा तालुक्यातील आपल्या गावच्या बुद्धिबळ क्लबात चौदा सभासद आहेत आणि त्यांतील निम्मे शाळकरी आहेत. आसपासच्या गावांतील चार क्लब सांघिक लढती खेळायला तयार आहेत. गेल्या वर्षी असाच घाट घातला होता, पण तिसऱ्या लढतीला दोन खेळाडू आलेच नाहीत, दोन पट सोडून द्यावे लागले आणि उत्साह तिथेच मावळला. यंदा पट किती लावावेत (म्हणजे एका लढतीत प्रत्येक संघाचे किती खेळाडू बसावेत), लढती किती घ्याव्यात आणि नियम कोणते ठेवावेत, असे आपण विचारले आहे. बार्देशातील एका लहान क्लबाचा संघ मी बरीच वर्षे सांभाळत आलो आहे, तेव्हा जे पाहिले आणि जे चुकले त्यावरून लिहितो.

सांघिक मोसम चालतो तो पाचव्या आणि सहाव्या नावावर. पहिल्या पटावर बसणारा न बोलावताही येतो, कारण त्याला खेळायचेच असते आणि आपल्यावाचून संघाचे अडते हेही त्याला ठाऊक असते. अडचण येते ती शनिवारी रात्री, चौथ्या पटावरच्या मुलाला ताप आल्याचा फोन त्याच्या आईकडून येतो तेव्हा. त्या वेळी फोन फिरवण्यासाठी आपल्याकडे दोन नावे हवीत आणि त्या दोघांना मोसमात निदान एकदा तरी खेळायला मिळालेले हवे. नाहीतर केवळ गरजेपुरती आपली आठवण होते, हे त्यांच्या ध्यानात आलेले असते आणि ते काहीतरी कारण काढतात. 2022 मध्ये मामल्लपुरमच्या बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये, म्हणजे देशोदेशींच्या संघांच्या स्पर्धेत, भारताच्या महिला ‘अ’ संघाने कांस्यपदक मिळवले. हंपी, हरिका, वैशाली आणि तानिया यांच्या जोडीला त्या संघातील पाचवे नाव आपल्या गोव्याच्या भक्ती कुलकर्णी यांचे होते. पट चार आणि खेळाडू पाच ही रचना तिथेही आहे. राखीव खेळाडू म्हणजे कमी प्रतीचा खेळाडू, ही समजूत मुलांच्या मनातून काढण्यासाठी मी हे उदाहरण दर वर्षी देतो.

चौदा सभासदांपैकी एखाद्या रविवारी सात-आठ जण मोकळे असतील असे धरून चार पट लावावेत. सहा पटांचा मोह होतो, कारण अधिक मुलांना खेळायला मिळते. पण गेल्या वर्षी जे झाले ते सहा पटांमुळे पुन्हा होईल. पाच पट मात्र मुळीच नकोत. पटांची संख्या विषम असली की एका संघाला पांढरी मोहरी तीनदा आणि दुसऱ्याला दोनदा येतात आणि मग प्रत्येक पराभवाला ते एक निमित्त पुरते. चार पटांवर पाहुण्या संघाला पहिल्या व तिसऱ्या पटावर पांढरी मोहरी द्यावीत, म्हणजे नाणेफेकीचीही गरज राहत नाही.

पाच क्लबांची एकेरी साखळी, म्हणजे प्रत्येकाची प्रत्येकाशी एकदा गाठ, धरली तर एकूण 10 लढती, प्रत्येक क्लबाच्या वाट्याला 4. संख्या विषम असल्यामुळे दर फेरीत एक क्लब विश्रांतीवर राहतो आणि 5 रविवारांत साखळी पूर्ण होते. दुहेरी साखळीला 10 रविवार लागतात आणि पहिल्याच वर्षी तेवढे कोणाचेच टिकत नाहीत. क्लबांना चिठ्ठ्या टाकून 1 ते 5 क्रमांक द्या आणि पुढील क्रम जसाच्या तसा वापरा. प्रत्येक जोडीतील आधीचा क्रमांक यजमान. पहिल्या फेरीत 2 विरुद्ध 5 आणि 3 विरुद्ध 4, दुसरीत 5 विरुद्ध 3 आणि 1 विरुद्ध 2, तिसरीत 3 विरुद्ध 1 आणि 4 विरुद्ध 5, चौथीत 1 विरुद्ध 4 आणि 2 विरुद्ध 3, पाचवीत 4 विरुद्ध 2 आणि 5 विरुद्ध 1. यात प्रत्येक क्लबाला दोन लढती घरच्या आणि दोन बाहेरच्या येतात, त्यामुळे चहा-पावभाजीचा खर्च आणि प्रवासाचा त्रास दोन्ही सारखे वाटले जातात. गोव्यात रविवारच्या बसगाड्यांचे वेळापत्रक पाहिले की ही बाब किती महत्त्वाची आहे ते निराळे सांगायला नको.

मोसम पावसाळ्यात घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. दिवाळीनंतर जत्रा सुरू होतात, मग नाटके, लग्ने, परीक्षा आणि शिगमो. त्या सहा महिन्यांत सलग दोन रविवार मोकळे असलेला माणूस आपल्याकडे सापडणे कठीण. मृग लागल्यापासून चवथीच्या तयारीपर्यंत मात्र मैदाने चिखलात असतात, घरातील माणसे घरी असतात आणि देवळाचे सभागृह किंवा वाचनालयाची खोली सहज मिळते. पाच फेऱ्यांसाठी सात रविवार राखून ठेवा. दोन रविवार पाऊस खाणार किंवा कोणाच्या तरी गावचा भजनी सप्ताह खाणार. वीजही जाणारच. डिजिटल घड्याळे बॅटरीवर चालतात, त्यामुळे अंधार झाला तरी वेळ जातच राहतो. म्हणून दिवे गेल्यास कोणत्याही संघाच्या कप्तानाने ‘थांबा’ म्हणताच चारही घड्याळे एकदम थांबवावीत, ही ओळ नियमांत आधीच लिहून ठेवा. आमच्याकडे एकदा तीन घड्याळे थांबली आणि चौथे तसेच चालत राहिले. ते कोणाच्या ध्यानात आले ते दिवे परत आल्यावर.

उशिरा येणाऱ्यांचाही नियम लेखी हवा. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, नियमांप्रमाणे किती उशीर चालेल ते आयोजकांनी आधी ठरवायचे असते. न ठरवल्यास मुभा शून्य मिनिटांची, म्हणजे डाव सुरू व्हायच्या क्षणी जागेवर नसलेला खेळाडू हरला. पावसात साकव पाण्याखाली गेल्यामुळे अडकलेल्या संघाला हा नियम लावणे म्हणजे लढतीचा विचकाच करणे आहे. 30 मिनिटांची मुभा द्या, पण गैरहजर खेळाडूचे घड्याळ वेळेवर सुरू करा.

वेळेचे प्रमाण प्रत्येकी 60 मिनिटे आणि दर चालीला 30 सेकंदांची भर असे ठेवावे. साठ चालींचा डाव तीन तासांत आटोपतो, म्हणजे दहाला बसलेली मंडळी एकपर्यंत मोकळी होतात. दर चालीला 30 सेकंद मिळत असल्यामुळे शेवटपर्यंत चाली लिहिणे बंधनकारक राहते, आणि लिहिलेला डाव सोमवारी मुलांसमोर मांडता येतो. पंधरा मिनिटांचे जलद डाव घ्यावेत असा आग्रह काही क्लब धरतील. तसे डाव मुले मोबाइलवर रोज रात्री खेळतातच, त्यासाठी पावसातून वीस किलोमीटर जाण्याचे कारण नाही. मानांकनाच्या, म्हणजे खेळाडूचे बळ दाखवणाऱ्या फिडेच्या अधिकृत आकड्याच्या, भानगडीत पहिल्या वर्षी पडू नका. स्पर्धेची आगाऊ नोंदणी, परवानाधारक पंच, प्रत्येकाचा फिडे क्रमांक हे सारे त्यात येते आणि मानांकन जपण्यासाठी चांगले खेळाडू नेमक्या अवघड लढतीला घरी बसतात.

पटांच्या क्रमाकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण भांडणे बहुतेक इथेच होतात. आपला कच्चा खेळाडू पहिल्या पटावर बसवायचा, तो डाव गेला असे समजायचे आणि बाकीच्या तिन्ही पटांवर आपले बळ एकेक पायरी वर ठेवायचे, ही क्लृप्ती इतकी सोपी आहे की दुसऱ्या लढतीपर्यंत ती कोणाला तरी सुचतेच. त्यावर उपाय एकच आहे: मोसमापूर्वी प्रत्येक क्लबाने सहा-सात नावांची क्रमवार यादी द्यावी आणि तो क्रम अखेरपर्यंत बदलू नये. दुसरा गैरहजर असेल तर तिसरा दुसऱ्या पटावर सरकेल, चौथा तिसऱ्या पटावर येईल आणि राखीव खेळाडू नेहमी तळाला बसेल. यादी मानांकनाप्रमाणेच असावी असे नाही, पण ज्यांना मानांकन आहे त्यांत 100 हून अधिक गुणांची उलटापालट नसावी. मुलगा वर्षभरात झपाट्याने सुधारला तर पुढच्या वर्षी त्याचे नाव वर घ्यावे. मोसमाच्या मध्ये नव्हे.

गुणांकनात लढतीच्या गुणांना आधी मान द्या: विजयाला 2, बरोबरीला 1. समान गुण झाल्यास डावांचे गुण (जिंकलेल्या डावाला 1, बरोबरीच्या डावाला अर्धा) मोजावेत. ऑलिंपियाडमध्येही 2008 पासून लढतीच्या गुणांनाच आधी मान आहे. कारण आकड्यांत पाहा. एक क्लब तीन लढती अडीच-दीड अशा जिंकतो आणि एक चार-शून्य हरतो. दुसरा दोन लढती चार-शून्य जिंकतो आणि दोन अडीच-दीड अशा हरतो. डावांच्या गुणांनी पाहिले तर दुसरा 11 विरुद्ध साडेसात असा कितीतरी पुढे आहे, पण लढती अधिक जिंकल्या त्या पहिल्याने. केवळ डाव मोजले की एका दुबळ्या संघाला कोणी किती चिरडले यावर विजेता ठरतो आणि त्या दुबळ्या संघातील मुले पुढच्या वर्षी येत नाहीत.

आता कप्तानाविषयी, आणि ही चूक माझी स्वतःची आहे. लढत दीड-दीड अशी होती. चौथ्या पटावर आमची सातवीतली मुलगी होती, तिच्याकडे घोडा आणि तीन प्यादी, समोरच्या काकांकडे उंट आणि तीन प्यादी. त्यांनी बरोबरीचा प्रस्ताव दिला. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि मी म्हणालो, “घे गं, घोडा अडकलाय तुझा.” कप्तानाला ‘बरोबरी घे’, ‘घेऊ नको’ किंवा ‘तुझं तू ठरव’ एवढेच म्हणण्याची मुभा असते, पटावरच्या स्थितीविषयी त्याने अवाक्षर काढायचे नसते. माझे वाक्य समोरच्या काकांनीही ऐकले, त्यांनी पटाकडे पुन्हा पाहिले आणि प्रस्ताव मागे घेतो म्हणाले. दिलेला प्रस्ताव प्रतिस्पर्ध्याने नाकारेपर्यंत मागे घेता येत नाही, हेही नियमातच आहे; म्हणजे चूक मी आधी केली, मग त्यांनी केली. पंच कोणी नव्हता. तासभर वाद झाला, निकालपत्रावर दुसऱ्या कप्तानांनी सही केली नाही आणि त्या क्लबाशी आमच्या लढती दोन वर्षे बंद राहिल्या. मुलगी त्या तासभर घड्याळासमोर बसून होती. खरे पाहता त्या स्थितीत तिला अजून बराच वेळ तग धरता आला असता.

तेव्हापासून विश्रांतीवर असलेला क्लब दोन माणसे पाठवतो, प्रत्येक लढतीला एक, आणि त्या दिवशी त्यांचा शब्द अखेरचा असतो. पाच क्लबांच्या साखळीची ही मोठी सोय आहे, कारण तटस्थ माणसे दर रविवारी आपोआप मोकळी होतात. त्यांना नियमांचे पुस्तक पाठ असायला हवे असे नाही. पहिली नियमबाह्य चाल झाली की प्रतिस्पर्ध्याला 2 मिनिटे द्यायची, त्याच खेळाडूकडून दुसरी झाली की डाव गेला, फोन सगळ्यांचे पिशवीत आणि बंद, एवढे आले तरी बहुतेक रविवार निभावतात. आपल्या राखीव खेळाडूंपैकी एखाद्याला या कामाला जरूर पाठवा.

2025 च्या नोव्हेंबरात गोव्यात विश्वचषक झाल्यापासून मुलांची संख्या वाढली, असेही आपण लिहिले आहे. ते आमच्याकडेही दिसते. त्या स्पर्धेत 206 खेळाडू होते आणि बाद पद्धत असल्यामुळे पहिल्याच फेरीत 78 जण बाहेर गेले. आपल्या गावातील आठ-दहा वर्षांच्या मुलांना मात्र हरल्यावर पुढचा रविवार हवा असतो, म्हणून कोणी दोन दिवसांच्या बाद स्पर्धेचा पर्याय सुचवला तरी साखळी सोडू नका. घरच्या लढतीच्या दिवशी बाजूला दोन पट मांडून यादीत नसलेल्या मुलांचे पाहुण्या मुलांशी डाव लावा. ते गुणांत धरू नका, पण निकाल फळ्यावर लिहा.

पाचही कप्तानांची बैठक मे महिन्यातच घ्या आणि याद्या, तारखा व वरील नियम एका कागदावर उतरवून सह्या घ्या. आमची बैठक म्हापशाला चहाच्या टेबलावर होते. नियम पंधरा मिनिटांत संपतात, आणि उरलेला तास कोणाच्या गावचा सप्ताह कोणत्या रविवारी येतो यात जातो.