काँटूर घेताना

बाई, चेहरा रेखीव दिसावा म्हणून गालाखाली सावली पाडायचा मेकअप म्हणजे काँटूर. दुकानदार त्याच्या नावानं ब्रॉन्झर, म्हणजे उन्हानं रापल्यासारखी झाक देणारा मेकअप, गळ्यात मारते, पहिली फसगत तिथंच. ब्रॉन्झरला नारिंगी झाक असते. काँटूर म्हणजे सावली, अन् सावली कधी नारिंगी असते काय? मी सजवलेल्या पहिल्या नवरीला तेच लावलं. मांडवातून उन्हात आली तर गालावर कवेलू घासल्यावानी पट्टा! तिची आत्या अजून चिडवते मला.

थोडा राखाडीकडे झुकणारा तपकिरी घेजो, आपल्या रंगापेक्षा एक-दोन शेड गडद, चमक बिलकूल नको. रंग सावळा असेल तर फार राखाडीही नको, राख फासल्यासारखं दिसते. दुकानातल्या ट्यूबलाइटवर भरोसा नको ठेवू. जबड्याच्या कडेला बोटभर लावून बाहेर उजेडात पाहून घेजो.

आपल्याकडची लग्नं एप्रिल-मेतली, पारा 45 ला टेकलेला. क्रीमची स्टिक वरातीतच ओघळते. नवशिकीला मॅट, म्हणजे बिनचमकेची, पावडर बरी. क्रीम घेतलीच तर चेहऱ्याच्या पावडरच्या आधी लावजो, नाहीतर गोळे होतात.

ब्रश झटकून कानाजवळून सुरू करजो, गालाच्या हाडाखालून, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या रेषेत थांबजो. मोठं पॅलेट कशाला? माझ्या सहा शेडपैकी पाच तशाच पडून आहेत.