करकट्टा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : उद्यमबागेत माझं कास्टिंगच्या मशीनिंगचं शॉप आहे. काही वर्षांपूर्वी शिनोळीत दुसरं युनिट टाकलं. शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, त्यामुळे तिथला जीएसटी नंबर वेगळा. गेल्या आर्थिक वर्षात उद्यमबागेतून बाहेरच्या पार्ट्यांना ३ कोटी १० लाखांची विक्री झाली, शिनोळीतून १ कोटी ६५ लाखांची. शिवाय अर्धवट तयार माल उद्यमबागेतून शिनोळीला जातो, साधारण ५५ लाखांचा. त्याचं आयजीएसटी (दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मालावरचा जीएसटी) लावून बिल करतो, पण तो घरचाच माल. दोन्ही युनिटं ई-इनव्हॉइसच्या पाच कोटींच्या मर्यादेच्या आत, बेरीज केली तरी ४ कोटी ७५ लाख. तरी कोल्हापूरच्या एका पार्टीनं मे महिन्यापासूनची बिलं परत पाठवली. क्यूआर कोड नाही म्हणून पेमेंटही रोखलंय. त्यांचंच चुकतंय ना, सर?
— एक उद्योजक, बेळगाव

उत्तर : नाही, पार्टी बरोबर आहे. तुमचा ५५ लाखांचा ‘घरचा माल’ तुम्हाला नडला.

ई-इनव्हॉइस म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवून आयआरएन हा नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड घेतलेलं बिल. ते कुणाला लागू याची मर्यादा जीएसटी नंबरावर मोजत नाहीत, पॅनवर मोजतात. एका पॅनखालची देशभरातली सगळी उलाढाल एकत्र धरायची. करमुक्त विक्री आणि निर्यात त्यात धरायची, कराची रक्कम वगळायची. आणि एका राज्यातल्या युनिटनं दुसऱ्या राज्यातल्या स्वतःच्याच युनिटला पाठवलेला मालही त्यात येतो. उद्यमबाग आणि शिनोळी ही कायद्याच्या नजरेत दोन वेगळी माणसं आहेत, मालक एक असला तरी. म्हणून तुमचा आकडा ४ कोटी ७५ लाख नव्हे, ५ कोटी ३० लाख. तेच लोखंड दोनदा मोजलं जातं हे खरं. आधी ५५ लाखांत, मग शिनोळीच्या विक्रीत. हुबळी-धारवाडच्या कारखानदाराला दुसरं युनिट त्याच नंबरात घेता येतं, माल नुसत्या चलनावर हलतो, बेरीज वाढत नाही. आपल्याकडे टेम्पो अर्ध्या तासात पोचतो तिथं राज्य बदलतं. हा भुर्दंड सीमाभागातल्या कारखानदाराच्याच वाट्याला येतो आणि मला तो अन्यायाचा वाटतो. पण नियम आज तसा आहे.

ही मर्यादा २०२० च्या ऑक्टोबरात ५०० कोटींपासून सुरू झाली आणि उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. २०१७-१८ पासून पुढच्या कुठल्याही एका वर्षात ती ओलांडली असेल तर पुढे धंदा मंदावला तरी सुटका नाही. म्हणून फक्त गेलं वर्ष बघू नका; शिनोळी सुरू झाल्यापासूनचे सगळे ताळेबंद काढा. गेल्याच वर्षी पहिल्यांदा ओलांडली असेल, तर या १ एप्रिलपासून दोन्ही युनिटांना लागू. पोर्टलनं तुम्हाला आपणहून कळवलं नाही ही सबब चालत नाही.

आता पार्टी का अडून बसलीय ते बघा. ज्याला ई-इनव्हॉइस लागू आहे त्यानं तो न करता दिलेलं बिल जीएसटीच्या नियम ४८(५) नुसार बिलच धरलं जात नाही. मग त्यावरचा कर आपल्या करातून वजा करायची सवलत, म्हणजे क्रेडिट, पार्टीला कसं मिळणार? तुम्ही १८ टक्के भरले असतील, पण त्यांच्या ऑडिटरला ते पुरत नाही.

सुधारायचं कसं? ई-इनव्हॉइस पोर्टलवर दोन्ही नंबर स्वतंत्रपणे नोंदवा. मोबाइलवर ओटीपी येतो, तेव्हा नंबर चालू असलेला द्या. वडिलांच्या जुन्या सिमवर ओटीपी जातोय आणि टेम्पो दारात उभा, असा प्रकार माझ्याकडे नेहमी येतो. टॅलीसारख्या सॉफ्टवेअरमधून थेट आयआरएन मिळतो. महिन्याला पंधरा-वीसच बिलं असतील तर एनआयसी या सरकारी संस्थेचं मोफत साधन पुरे, सॉफ्टवेअर विकणाऱ्याच्या नादी लागू नका.

मागच्या बिलांचे आयआरएन त्याच नंबरानं, त्याच तारखेनं काढा. १० कोटी आणि त्यावरच्यांना १ एप्रिल २०२५ पासून बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांचं बंधन आहे. तुम्ही त्याच्या खाली, त्यामुळे पोर्टल अडवत नाही. मात्र ज्या महिन्यांचा जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) भरून झालाय ती बिलं त्यात पुन्हा चढवू नका, नाहीतर विक्री दुप्पट दिसेल. क्यूआर कोड छापलेली नवी प्रत पार्टीला द्या. चौसष्ट अक्षरी आयआरएन वेगळा छापायची सक्ती नाही, क्यूआर कोड मात्र हवाच. उशिराबद्दल नोटीस येणारच नाही अशी हमी मी देत नाही. जीएसटी कायद्याच्या कलम १२२ मध्ये १०,००० रुपये किंवा चुकवलेला कर, यातलं जास्त असेल ते, असा दंड आहे. तुम्ही कर वेळेवर भरलाय ही जमेची बाजू.

शिनोळीला जाणाऱ्या स्वतःच्या मालाच्या बिलालाही आयआरएन लागेल. तिथं पूर्ण क्रेडिट मिळत असल्यानं बिलात लावाल तीच किंमत ग्राह्य धरतात, तेवढा दिलासा. पत्ता भरताना शिनोळीचा पिनकोड ४१६ चा आणि राज्याचा कोड २७ आहे हे ऑपरेटरला सांगून ठेवा. बेळगावचा ५९० चा पिन टाकून महाराष्ट्र निवडलं की पोर्टल बिल परत फेकतं, आणि सगळे म्हणतात सर्व्हर डाऊन आहे.

तुम्ही विचारलं नाही, पण सांगतो. शिनोळीतल्या दुसऱ्या कुणाच्या शॉपमध्ये नुसतं ड्रिलिंग करून माल परत आणणार असाल तर ते जॉबवर्क. चलन पुरे, ई-इनव्हॉइस नको. पण राज्याबाहेर जॉबवर्कला माल जाताना ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन परवाना) हवंच, किंमत कितीही कमी असो. ५० हजारांची सूट तिथं नाही. दोन पेट्याच तर आहेत म्हणून टेम्पोवाल्याला तसंच सोडू नका.

प्रश्न : तंबाखूच्या एका बिलावर कारकुनानं भलत्याच पार्टीचा जीएसटी नंबर टाकला. आयआरएन निघाला, माल गेला, चार दिवसांनी लक्षात आलं. रद्द होईल का?
— एक व्यापारी, निपाणी

उत्तर : नाही. रद्द करायला चोवीसच तास मिळतात, आणि ई-वे बिल चालू असेल तर आधी तेही रद्द करावं लागतं. आता त्या भलत्या पार्टीच्या नावे क्रेडिट नोट काढा, तिलाही आयआरएन घ्या, आणि खऱ्या पार्टीला नव्या क्रमांकाचं बिल द्या. जुना क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. भलत्या पार्टीला एक फोन करा. त्यांच्या खात्यात न मागितलेलं क्रेडिट दिसत असेल, ते त्यांनी घेऊ नये.

प्रश्न : खडेबाजारात साड्यांचं दुकान आहे. उलाढाल ७ कोटी, सगळी किरकोळ. लग्नसराईत रोजची दीडशे बिलं होतात. प्रत्येकाला क्यूआर कोड?
— एक दुकानदार, बेळगाव

उत्तर : घरगुती गिऱ्हाइकाच्या बिलाला ई-इनव्हॉइस नाही. पण खानापूरचा, गडहिंग्लजचा एखादा छोटा दुकानदार येतो, वीस साड्या उचलतो आणि बिलावर आपला जीएसटी नंबर टाकायला सांगतो. त्या एका बिलाला आयआरएन लागतो, रक्कम हजार रुपये असली तरी. गल्ल्यावरच्या मुलाला सांगा, बिल करण्याआधी जीएसटी नंबर आहे का विचार.