हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी

प्रश्न : वडील गेल्या वर्षी मृत्युपत्र न करता वारले. शेतजमीन एकट्याच्या नावे व्हावी म्हणून भाऊ माझ्याकडे हक्कसोडपत्र मागतो आहे. वकिलांना भेटावे का?

उत्तर : ताई, सही करण्यापूर्वीच भेटावे, कारण नोंदणीकृत हक्कसोडपत्र रद्द करून घेण्यासाठी दिवाणी न्यायालयात फसवणूक किंवा दबाव सिद्ध करावा लागतो आणि ते फार कठीण असते. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आहे. वडिलांच्या स्वकष्टार्जित जमिनीतही आपण आणि आई भावाच्या बरोबरीच्या वारस आहात. लग्नात झालेला खर्च म्हणजे हिस्सा नव्हे, हे भावाला निःसंकोच सांगावे. फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीतील नावबदलाची, नोटीस आल्यास तलाठी कार्यालयात मुदतीत लेखी हरकत नोंदवून तिची पोच घ्यावी.