पोरगी दिवाणावरून पडली, सीटी स्कॅन करायचा का?

*ताई, आमची मुलगी आठ महिन्यांची, वजन ८ किलो. परवा सकाळी दूध उतू चाललं म्हणून मी आत पळाले आणि तेवढ्यात ती दिवाणावरून फरशीवर पडली. दिवाण दीड फुटाचा. लगेच मोठ्यानं रडली, दहा मिनिटांत गप होऊन अंगावर प्याली. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं. सासूबाईंनी ते दाबून चोळलं, कांदा हुंगवला, दुपारपर्यंत तिला झोपू दिलं नाही. हे म्हणतात सीटी स्कॅन करून टाकू. आज ती खेळतेय, पण माझं लक्ष नव्हतं हे डोक्यातून जात नाही.*
*– एक आई, मंगळवार पेठ, कोल्हापूर*

बाई गं, आधी पोरीचं बोलू. पडल्या पडल्या ती रडली, म्हणजे शुद्ध हरपली नाही. लवकर शांत होऊन प्याली. उंची तीन फुटांच्या आतली. टेंगूळ कपाळावर. आणि दोन दिवस उलटून ती नेहमीसारखी खेळतेय. अशा बाळाला सीटी स्कॅन सहसा लागत नाही. तरी वर्षाच्या आतलं लेकरू आहे, तेव्हा आज बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवून ये. ते टाळू बघतील, डोकं चाचपतील.

मालकांना सांग, सीटीत बाळाच्या मेंदूला किरणोत्सर्ग सोसावा लागतो, आणि ते स्थिर राहिलं नाही तर गुंगीचं औषध द्यावं लागतं. डॉक्टरांना शंका आली तर मात्र मागेपुढे बघायचं नाही. ‘निदान एक्स-रे तरी काढा’ असा आग्रहही नको. त्यात हाड दिसतं, आतला रक्तस्राव दिसत नाही.

टेंगूळ केवढं यापेक्षा कुठं आहे ते बघ. कपाळाचं हाड जाड असतं आणि त्यावरच्या कातडीत रक्तवाहिन्या खूप, म्हणून छोट्या आपटण्यानंही भलं मोठं टेंगूळ येतं. कानाच्या वरचं हाड पातळ, आणि त्याच्या आतल्या अंगानं रक्तवाहिनी जाते. तिथं, बाजूला किंवा डोक्याच्या मागं बोटाला लिबलिबीत फुगवटा लागला, तर बाळ हसत असलं तरी दवाखाना गाठायचा. असा फुगवटा कधी कधी दुसऱ्या दिवशी कळतो. न्हाऊ घालताना सगळ्या डोक्यावरून हलकेच बोटं फिरव. कपाळावरचं टेंगूळ उतरताना साकळलेलं रक्त पापणीपर्यंत येऊन निळसर दिसतं, त्याला घाबरू नकोस. पण कपाळाला मार नसताना दोन्ही डोळ्यांभोवती किंवा कानामागं काळंनिळं झालं, तर ते कवटीच्या तळाला तडा गेल्याचं लक्षण असू शकतं.

सासूबाईंनी केलं ते मायेनंच, पण टेंगूळ चोळल्यानं आतलं रक्त आणखी पसरतं. त्याऐवजी बर्फ सुती फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं टेकवायचा, मध्ये मध्ये उचलायचा. बाळ टाळूवर पडलं असेल तर तिथं दाब नको. कांद्यानं काही होत नाही. तोंडात साखर-पाणी घालणं मात्र धोक्याचं, कारण बाळ गुंगीत असेल तर ते श्वासनलिकेत जातं. पूर्ण शुद्धीवर येऊन शांत झालं की अंगावर पाजावं. आणि झोपेची वेळ असेल तर झोपू द्यावं, रडून दमलेलं लेकरू झोपतंच. पहिल्या रात्री दर दोन तासांनी श्वास आणि रंग बघायचा, गालाला हात लावला की ते हलतंय का बघायचं. जागं होईना, तर लगेच निघायचं.

दुखत असेल तर पॅरासिटामॉल, किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे तुझ्या मुलीला १२० मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतरानं. बाटली नीट वाच. ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम असलेलं सिरप पाच मिलीला किंचित कमी बसेल. १ मिलीत १०० मिलिग्रॅम असलेले थेंब फक्त १.२ मिली. थेंबांची बाटली सिरपसारखी चमच्यानं ओतली की चौपट डोस जातो. आयबुप्रोफेन नको, त्यानं रक्त गोठायला अडथळा येतो.

पुढं कधी पडली आणि शुद्ध गेली, झटका आला, एकापेक्षा जास्त उलट्या झाल्या, कानातून रक्त किंवा नाकातून पाण्यासारखं पातळ आलं, टाळू फुगली, एक हात-पाय कमी हलला किंवा रडणं थांबेचना, तर १०८ लाव किंवा रिक्षानं थेट कोल्हापूरचं सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) सरकारी रुग्णालय वा जवळचं दुसरं मोठं रुग्णालय गाठ. गाडीवर दोघांच्या मध्ये धरून नेऊ नका. बाळ निपचित असेल तर हलवून जागं करू नका. आणि तीन महिन्यांच्या आतलं बाळ कितीही कमी उंचीवरून पडलं तरी त्याच दिवशी दाखवायचंच.

आता तुझं. आठव्या महिन्यात बाळ काल जे करत नव्हतं ते आज करतं, आणि कडेपर्यंत जायला त्याला दोन-तीन सेकंद पुरतात. तू काही निष्काळजी आई नाहीस. चूक दिवाणाची आहे. तिची गादी आजच जमिनीवर घाल. कडेला उशा रचू नकोस, या वयात मुलं त्यांवर चढून आणखी उंचावरून पडतात. वॉकर आणला असेल तर काढून टाक. कॅनडानं तर २००४ पासून त्यावर बंदीच घातली आहे. आणि दूध उतू जात असेल तर जाऊ दे. आधी पोरीला खाली फरशीवर ठेव, मग पळ.